झाकणाचा मग

ओन्नोला बिअर आवडत नसे. ही गोष्ट त्याच्या बायकोला माहीत होती, मला माहीत होती, आणि मला माहीत असल्यामुळे माझ्या बायकोला माहीत होती. बाकी साऱ्या शुगर लँड या आमच्या उपनगराची आणि निम्म्या ह्यूस्टनची अशी पक्की समजूत होती की हा धिप्पाड जर्मन माणूस सकाळी चूळसुद्धा बिअरनेच भरत असणार. ओन्नोनं ही समजूत कधी दूर केली नाही. तो खोटं बोलत नसे, पण जे विचारलंच नाही त्याचं उत्तर द्यायचं नाही, असा त्याचा नियम होता. आणि जर्मन माणसाला ‘तुला बिअर आवडते का’ असं जगात कोणी विचारत नाही.

मला तो पहिल्यांदा भेटला तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, ह्यूस्टनमध्ये तेलाच्या कंपन्यांची चलती होती तेव्हा. मी सांगलीहून टेक्सासला शिकायला आलो होतो आणि पदवी हातात पडल्यावर तिथंच नोकरीला चिकटलो होतो. आमचा विभाग पाइपांचा. गरम तेल वाहू लागलं की पाइप किती लांबतो, कुठं वाकतो, त्याला आधार कुठं द्यायचा, याची गणितं आम्ही दिवसभर करायचो. ओन्नोचं टेबल माझ्या मागं होतं. ऑफिसात आला की तो बूट काढून टेबलाखाली नीट जोडीनं ठेवायचा आणि लोकरीच्या सपाता घालायचा. साहेब आला तरी सपाता बदलायचा नाही. डेल नावाचा आमचा साहेब भला माणूस होता. हे जर्मन शिस्तीत बसत असेल असं समजून तो गप्प राहायचा.

ओन्नोचं गाव जर्मनीच्या नकाशात अगदी वर, डाव्या हाताला, समुद्राला टेकलेल्या कोपऱ्यात. त्या भागाला पूर्व फ्रीसिया म्हणतात. सपाट जमीन, गाई, वारा आणि चहा. तिथले लोक दिवसभर चहा पितात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेशनवर चहा मिळायचा तोही त्यांच्या जिल्ह्याला इतरांपेक्षा जास्त, कारण त्याशिवाय ती माणसं चालणार नाहीत हे सरकारलाही कळलं होतं. कोणी बिअरचा विषय काढला की ओन्नो कागदावर जर्मनीचा नकाशा काढायचा. वर डावीकडे एक ठिपका द्यायचा आणि म्हणायचा, हा मी. मग खाली उजवीकडचा मोठा तुकडा पेन्सिलीनं रंगवायचा आणि म्हणायचा, ही बिअर. दोन्हींमधलं अंतर तो पट्टी लावून दाखवायचा. समोरचा माणूस नकाशाचं कौतुक करायचा आणि विचारायचा, मग तुमच्याकडची सगळ्यात चांगली बिअर कुठली?

दर हेमंतात ऑफिसची पार्टी व्हायची. डेल मोठ्या प्रेमानं बिअरचं पिंप ओन्नोच्या ताब्यात द्यायचा आणि तिखट सॉसचं पातेलं माझ्या ताब्यात. मला लहानपणापासून पित्ताचा त्रास आहे, हिरवी मिरची दिसली तरी छातीत जळजळतं. तरीही मी दरवर्षी चमच्याच्या टोकानं सॉस चाखून गंभीरपणे मान हलवायचो आणि लोकांचं समाधान व्हायचं. पलीकडे ओन्नो पिंपाची तोटी उघडून फेसाकडं बघत तशीच मान हलवायचा. आमची मैत्री त्या पिंपाच्या आणि पातेल्याच्या मधल्या जागेत झाली.

खरी बैठक मात्र दुपारी तीनची. ओन्नोच्या ड्रॉवरमध्ये अंड्याच्या टरफलासारखे पातळ दोन कप होते, त्यांवर लाल गुलाबाची नक्षी. तो आधी कपात खडीसाखरेचा मोठा खडा टाकायचा, वर कडक कोरा चहा ओतायचा, आणि खडा तडकल्याचा बारीक आवाज आला की समाधानानं मान डोलवायचा. मग चमच्यानं कडेकडेनं थोडी साय सोडायची. ती खाली जाऊन ढगासारखी वर यायची. आणि ढवळायचं नाही. आधी सायीचा घोट, मग कडू, आणि शेवटी तळाशी गोड. आलं घालून उकळलेल्या चहावर वाढलेला मी, पहिल्याच दिवशी सवयीनं ढवळलं. ओन्नो उठून खिडकीपाशी गेला आणि माझं ढवळणं संपेपर्यंत पार्किंग लॉटकडं बघत उभा राहिला.

चहाचा दुसरा नियम मला त्याच्या घरी कळला, तोही उशिरा. एका रविवारी त्यानं आम्हा दोघांना बोलावलं होतं. त्याची बायको डार्लीन टेक्सासचीच. मोठ्यानं हसणारी, सगळ्यांना ‘हनी’ म्हणणारी. ओन्नो किटली घेऊन बसला आणि ओतू लागला. दोन-तीन कपांनंतर मी पुरे म्हटलं. त्यानं मान हलवली आणि ओतला. मला वाटलं, आग्रह करतोय. आपण आग्रहावर वाढलेली माणसं, बरं वाटलं. घेतला. पुन्हा पुरे म्हटलं, पुन्हा त्यानं ओतला. माझ्या बायकोचं, नलिनीचंही तेच चाललं होतं. शेवटी ती हळूच मला म्हणाली, “अहो, यांना सांगा ना काहीतरी. आय कान्ट ड्रिंक एनी मोअर. मला खरंच आता जात नाहीये.”

तेवढ्यात डार्लीन स्वयंपाकघरातून आली, आमचे चेहरे पाहिले आणि हसत हसत आमचे बशीतले चमचे उचलून कपात उभे केले. ओन्नोनं ताबडतोब किटली खाली ठेवली. त्यांच्याकडं कपात चमचा ठेवला म्हणजे झालं. तोवर यजमान ओतत राहणार, तोंडानं काहीही म्हणा. नको होता तर मग इतका वेळ का पीत होतात, असं ओन्नोनं विचारलं.

त्याची परतफेड नलिनीनं पुढच्याच महिन्यात केली. तो आमच्याकडं जेवायला आला. पानात श्रीखंड-पुरी होती. नो, थँक यू, असं तो स्पष्ट म्हणाला आणि नलिनीनं त्याच्या पानात पुरी वाढली. त्यानं ती खाल्ली. पुन्हा नको म्हणाला, पुन्हा पुरी आली. आपल्या बोलण्यात काही चूक होतेय का, म्हणून त्यानं तेच वाक्य सावकाश उच्चारून पाहिलं. जेवणानंतर त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्याकडं नको म्हणजे खरंच नको, असं कितव्या वेळी धरतात? मी म्हटलं, ते आकड्यावर नाही, चेहऱ्यावर असतं. त्यानं विचार केला आणि म्हणाला, या पद्धतीचं गणित मांडता येणार नाही.

“आमच्याकडं चमचा कपात पडला की विषय संपला,” तो म्हणाला. “त्यानंतर ओतणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरणं. माझ्या आईनं ते आयुष्यात कधी केलं नाही.”

हे वाक्य मी लक्षात ठेवलं, कारण आईबद्दल तो क्वचित बोलायचा. वडिलांबद्दल तर एकदाच बोलला होता. ते लढाईत समुद्रावर गेले ते परत आले नाहीत, तेव्हा ओन्नो शाळेतही जात नव्हता. वडिलांचा चेहरा आठवत नाही, सपाता आठवतात, एवढंच त्यानं सांगितलं.

बिअर जर्मन कशी झाली, याची त्याची एक कहाणी होती. ती तो सगळ्यांना सांगायला तयार असे आणि कोणी पुरी ऐकत नसे. मी ऐकली, कारण माझं टेबल जवळ होतं. जव, हॉप्स नावाची कडवट फुलं आणि पाणी याखेरीज बिअरमध्ये काही घालायचं नाही, हा जुना कायदा बव्हेरियाचा, म्हणजे नकाशातल्या खालच्या उजव्या तुकड्याचा. जर्मनी नावाचा देश तेव्हा नव्हताच. उत्तरेचे लोक आपापल्या बिअरमध्ये मनाला येईल ते घालत होते आणि सुखी होते. पुढं कैक शतकांनी सगळी संस्थानं एक झाली तेव्हा बव्हेरियानं आपला कायदा सोडायचं नाकारलं, आणि होता होता तो साऱ्या देशाला लागू झाला. मग त्याला शुद्धतेचा कायदा असं भारदस्त नाव मिळालं. बिअर विकणाऱ्यांनी ते नाव बाटल्यांवर छापलं, आणि लोकांना वाटू लागलं की आपले पूर्वज हेच पीत आणि हेच मानत आले. लढाईनंतर अमेरिकन सैनिक पुष्कळसे बव्हेरियातच राहिले. घरी परतताना त्यांनी चामड्याची चड्डी, पितळी बँड आणि बिअरचा मग एवढं आठवणीत आणलं आणि त्याला जर्मनी म्हणाले. ओन्नो म्हणायचा, तक्रार नाही, ज्याला जे दिसलं ते त्यानं सांगितलं. आणि मग एक वाक्य जोडायचा, की आमच्याकडंही एकदा एका राजानं चहा बंद करून बिअर प्यायचा हुकूम काढला होता. पुढं काय झालं, हे विचारण्याइतका वेळ कोणापाशी नसायचा.

आता म्हाताऱ्याविषयी. डार्लीनचे वडील एमिल. सगळे त्यांना ओपा म्हणत, म्हणजे आजोबा. ओपा टेक्सासमध्येच जन्मलेले. त्यांच्या पणजोबांनी जर्मनीतून येऊन इथं डोंगराळ मुलखात शेती केली होती. ओपांच्या वडिलांचा तिथं एक हॉल होता. त्यात रविवारी बिअर, बँड, गाण्याची मंडळी. पहिल्या लढाईत जर्मन नाव म्हणजे शत्रू झालं, शाळेत जर्मन बोलायला बंदी आली. लढाई संपते न संपते तोच सगळ्या देशात दारूबंदी आली आणि हॉलला कुलूप लागलं ते कायमचं. ओपांना जर्मन बोलता येत असे, पण पाहुणे गेल्यावर काढलेल्या कपड्यांसारखं, जरा चुरगळलेलं. ओन्नोला त्यांचं जर्मन कळायचं नाही, त्यांना ओन्नोचं. सासरा-जावई इंग्रजीत बोलत.

ओपांचा जावयावर भारी जीव. मुलीनं खरा जर्मन आणला, हे ते पेट्रोल पंपावर भेटलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचे. ओन्नो त्यांना तोंडावर ‘सर’ म्हणायचा. पण एकदा त्यांना ताप आला, तेव्हा तीनचा चहा सोडून आठवडाभर तो त्यांच्या उशाशी बसला. इतकी वर्षं रिकामी राहिलेली एक जागा त्या म्हाताऱ्यानं भरली होती. ओन्नोनं हे कधी बोलून दाखवलं नाही, पण दिसायचं.

शहाऐंशी साली तेलाचे भाव कोसळले आणि ह्यूस्टनमध्ये माणसं घरी जाऊ लागली. आमचा विभाग एका शुक्रवारी दुपारपर्यंत उरकला. डेलनं एकेकाला आत बोलावलं, डोळ्यांत पाणी आणून हात हातात घेतला, आणि पुठ्ठ्याचा खोका दिला. पुढच्या महिन्यात त्यालाही खोका मिळाला. ओन्नोनं दोन्ही कप सपातांमध्ये एकेक घालून खोक्यात ठेवले. माझ्या खोक्यात कॅल्क्युलेटर होता.

ओपांनी शुगर लँडच्या पश्चिमेला कापसाचं एक जुनं गोदाम घेऊन ठेवलं होतं. ते ओन्नोला म्हणाले, वडिलांचा हॉल पुन्हा उघडायचा, आणि तो तूच उघडायचास. इतकी वर्षं मी खऱ्या माणसाची वाट बघत होतो. डार्लीनला आनंद झाला. ओन्नोनं चष्मा काढून पुसला. नाही कसं म्हणणार होता? ओपांनी त्याला हॉल चालवशील का, एवढंच विचारलं होतं. बिअर पितोस का, हे विचारलं नव्हतं.

मीही घरीच होतो, म्हणून मदतीला गेलो. थंडगार खोलीतून तोट्यांपर्यंत बिअरचे पाइप ओन्नोनं आखले. लांबी, उतार, वळणं, थंडावा, सगळं त्यानं गणितानं ठरवलं आणि कॉम्प्रेसर माझ्याकडं दिला. सांगलीला आईला मी कळवलं, की हल्ली मी कूलिंगच्या लाइनमध्ये आहे. पहिल्या दिवशी तोटी उघडली तर असा फेस आला, बरोबर दोन बोटं, की ओपांनी हॅट काढली. हे रक्तातच असावं लागतं, असं ते म्हणाले. ओन्नो म्हणाला, हे पाइपाचा व्यास आणि दाब यांवर असतं. लोकांनी रक्ताचं मानलं.

हॉलचा मालक म्हणून ओन्नोला चामड्याची चड्डी घालणं भाग होतं. डार्लीननं ती कॅटलॉगमधून मागवली. त्याच्या गावात अशी चड्डी कोणी घातलेली त्यानं पाहिली नव्हती, ओपांच्या पणजोबांनीही घातली नसावी. तेव्हाच आमच्या मराठी मंडळाचा गणपती होता. ओन्नो दर्शनाला आला. नलिनी नऊवारीत होती, मी फेट्यात. तुझे वडील असं बांधायचे का, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, वडील बोडके असायचे. हा फेटा पुण्याहून तयार आलाय, आत पुठ्ठा आहे. ओन्नोनं फेट्याला बोट लावून पाहिलं.

“चामड्याची चड्डी,” तो म्हणाला आणि प्रसादाच्या रांगेत उभा राहिला.

राहता राहिली बिअर. रोज संध्याकाळी हॉल उघडला की मालकानं ओपांशेजारी मुख्य टेबलावर बसायचं, बिअरचा मग उंचावून ‘प्रोस्ट’ म्हणायचं आणि सगळ्यांनी ओरडून उत्तर द्यायचं, असा ओपांच्या वडिलांचा रिवाज. हा प्रश्न डार्लीननं सोडवला. जुन्या पद्धतीचा एक चिनीमातीचा मग तिनं आणला. बाहेरून आतलं दिसायचं नाही, आणि वर अंगठ्यानं उघडायचं कथिलाचं झाकण. स्वयंपाकघरात ती त्यात गरम चहा भरायची, तळाशी खडीसाखर. झाकणामुळं वाफ दिसायची नाही. ओन्नो चड्डी घालून, मग उंचावून, घोट घेऊन मिशीवरून हात फिरवायचा आणि लोक म्हणायचे, याला म्हणतात पिणारा. गिऱ्हाइकं त्याच्याकडं बघून आणखी मागवायची.

मला या प्रकाराचं हसू यायचं. ओन्नोला येत नसे. एकदा पाइप धुताना तो मला म्हणाला, हॉल बंद पडला तरी चालेल, मी पुन्हा पाइप आखीन. पण ओपांना कळलं तर त्यांना वाटेल, की त्यांच्याकडं आलेला माणूसही कॅटलॉगमधूनच आला होता.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये युरोपातल्या कोर्टानं निकाल दिला की बिअर शुद्धतेच्या कायद्यात बसत नाही, एवढ्यावरून जर्मनीला बाहेरच्या देशांची बिअर अडवता येणार नाही. ह्यूस्टनच्या एका टीव्हीवाल्यांना यावर बोलायला दुःखी जर्मन हवा होता. कोणीतरी आमच्या हॉलचं नाव सांगितलं. संध्याकाळी कॅमेरा आला, दिवे आले, केस खूप फुगवलेली एक तरुण बातमीदार आली. हॉल खचाखच भरला. ओपा काळा सूट घालून, टाय लावून शेजारी बसले होते. मी काउंटरमागं कॉम्प्रेसरपाशी होतो.

जर्मन म्हणून तुम्हाला आज काय वाटतंय, असं तिनं विचारलं. ओन्नोनं शांतपणे निकाल समजावून सांगितला, की जर्मनांना त्यांच्या पद्धतीनं बिअर करायला मनाई नाही, फक्त इतरांची येऊ द्यायची आहे. तिला हे नको होतं. पूर्वजांच्या वारशाचं काय, असं तिनं विचारलं. ओन्नोनं खिशातून कागद काढून जर्मनीचा नकाशा काढायला घेतला. कॅमेरावाल्यानं घड्याळ पाहिलं. मुलाखत हातची चालली, हे तिच्या लक्षात आलं असावं. गोड हसून, सहज, तिनं मगाकडं बोट केलं आणि विचारलं, “आणि आज तुम्ही काय पिताय?”

इतक्या महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. डार्लीन स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती, ती थांबली. ओन्नोनं एकदा ओपांकडं पाहिलं.

“चहा,” तो म्हणाला.

सगळा हॉल हसला. बातमीदार इतकी हसली की तिचे डूल हलले. जर्मन माणूस विनोद करू शकतो, याचाच लोकांना जास्त आनंद झाला होता. टाळ्या पडल्या, कॅमेरा हसणाऱ्या चेहऱ्यांवरून फिरला. हसले नाहीत ते एकटे ओपा. त्यांनी हात लांब करून तो मग आपल्याकडं ओढला, अंगठ्यानं झाकण उघडलं. वाफ वर आली. त्यांनी वाकून वास घेतला आणि झाकण बंद केलं.

“काय मग, सर, खरंच चहा आहे का?” बातमीदारानं माइक त्यांच्यापुढं धरला.

ओपा माइककडं वाकले. “जर्मन आहे,” ते म्हणाले.

पुन्हा हशा झाला. टीव्हीवर तेवढंच दाखवलं आणि त्या आठवड्यात हॉलची गर्दी दुप्पट झाली. पण ओपा त्या हशातच उठले, हॅट घेतली आणि निघून गेले. त्यांच्या मगात बिअर अर्धी होती. त्यांनी बिअर टाकलेली डार्लीननं जन्मात पाहिली नव्हती. ओन्नो चड्डीवर हात ठेवून बसून राहिला. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, त्यांनी सांभाळून तर घेतलं. तो म्हणाला, लोकांपुढं सांभाळलं. घरात काय, ते अजून कळायचंय.

दुसऱ्या दिवशी हॉलला सुट्टी होती. नोकरी गेली तरी तीनचा चहा आम्ही सोडला नव्हता, म्हणून मी ओन्नोकडं होतो. अंगणात ओपांचा पिकअप ट्रक थांबला. ते आत आले, टेबलाशी बसले, हॅट गुडघ्यावर ठेवली. ओन्नो उठला आणि त्यानं तिसरा कप आणला. खडीसाखर, चहा, साय. ढवळायचं नाही, आणि पुरे झालं की कपात चमचा, एवढं डार्लीननं वडिलांना सांगितलं आणि ती ओट्याला टेकून उभी राहिली.

ओपांनी पहिला कप संपवला. ओन्नोनं ओतला. दुसऱ्या कपाला ते बोलले. दहा वर्षांचे असताना शाळेत जर्मन शब्द तोंडातून गेला म्हणून मास्तरनं सगळ्यांदेखत छडी मारली होती. दुसऱ्या दिवसापासून ते आईशीसुद्धा इंग्रजीत बोलू लागले. आईला इंग्रजी येत नव्हतं.

“भाषा सोडली,” ओपा म्हणाले. “बिअर तेवढी ठेवली. ती प्यायला तोंड उघडून काही बोलावं लागत नाही. तू आलास तेव्हा मला वाटलं, खरा आला.”

“मी खराच आहे, सर. दुसऱ्या कोपऱ्यातला आहे.”

मग त्यानं राजाची गोष्ट सांगितली. चहा वाईट, बिअर प्या, असा हुकूम निघाला होता. चहावर बंदी आली. ओपांनी मान वर केली. इतक्या वर्षांत त्या गोष्टीचं पुढं काय झालं, हे विचारणारे ते पहिलेच.

“मग तुमच्या लोकांनी काय केलं?”

“पीत राहिले. शेवटी राजानं नाद सोडला.”

ओपांनी कपातल्या सायीकडं पाहिलं. “आम्ही सोडली,” ते म्हणाले. भाषेबद्दल म्हणत होते. मग त्यांनी उरलेला चहा संपवला, बशीतला चमचा उचलून कपात ठेवला, हॅट डोक्यावर घातली आणि टेबलाला हात टेकून उठू लागले. ते कायमचे उठतायत की आजच्यापुरते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

ओन्नो त्या चमच्याकडं बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग त्यानं हात पुढं करून तो चमचा उचलला, बशीत ठेवला, कपात खडीसाखरेचा खडा टाकला आणि चहा ओतला. खडा तडकला.

“मी चमचा ठेवला होता,” ओपा म्हणाले.

“पाहिलं मी,” ओन्नो म्हणाला.

म्हातारा अर्धा उठलेला तसाच थांबला. मग खाली बसला आणि हॅट काढून पुन्हा गुडघ्यावर ठेवली. डार्लीननं आमच्याकडं पाठ केली आणि नळ सोडला. मी माझा कप घेऊन खिडकीपाशी गेलो आणि अंगणातल्या ट्रककडं बघत उभा राहिलो. घरी येऊन नलिनीला हे सांगितलं. ती म्हणाली, “बघा, माझ्या पुऱ्या वाया नाही गेल्या.”

त्याच वर्षी मला चँडलरला नोकरी मिळाली. चिप बनवणाऱ्या कारखान्यात अतिशुद्ध पाण्याचे पाइप आखायचे होते. ॲरिझोनाला जायला भाड्याचा ट्रक भरला आणि निघताना संध्याकाळी हॉलवर थांबलो. आत बँड वाजत होता, टेबलं भरली होती. ओन्नो चड्डी घालून मुख्य टेबलावर बसला होता, सपाता पायात. ओपांची खुर्ची रिकामी होती, म्हणून मी दचकलो.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार ढकलून ओपा आले. डाव्या हातानं खुर्च्यांच्या पाठी धरत, एकेक पाऊल टाकत येत होते. उजव्या हातात तो झाकणाचा मग होता. हाताला चटका बसू नये म्हणून कानाभोवती त्यांनी आपला रुमाल गुंडाळला होता, आणि वाटेत कोणाचा धक्का लागून झाकण उघडू नये म्हणून वर अंगठा दाबून धरला होता. एका गिऱ्हाइकानं आदबीनं उठून मग त्यांच्या हातून घ्यायला पाहिला, तर ओपांनी त्याला कोपरानं बाजूला केलं. तो मग त्यांनी ओन्नोपुढं ठेवला, रुमाल खिशात घातला, शेजारी बसले आणि स्वतःची बिअर उंचावून ‘प्रोस्ट’ ओरडले. हॉलनं उत्तर दिलं.

ओन्नोनं मग उचलला, पण प्यायला नाही. मी दारातून हात केला, त्यानं मान हलवली. झाकण मिटलेलंच ठेवून, चहा निवायची वाट बघत, तो म्हाताऱ्याशेजारी बसून राहिला.